सशाच्या पोटाचे माप

कोल्हापूर,
सोमवार, दि. १३ एप्रिल १९९८

लिंगैक्य शांतादेवी वीरभद्र माळगे यांस,

वीरभद्राचे सप्रेम शरणार्थ. संपूर्ण नाव लिहिण्याचे कारण एवढेच, की तुझ्या माहेरच्या याच नावाच्या आणखी दोघी तिकडे गेलेल्या आहेत व पत्र भलत्या शांतादेवीच्या हाती पडू नये. (पैकी मुरगूडच्या शांतादेवींना दुसऱ्यांची पत्रे उघडण्याची सवय होती, हे तूच मला सांगितले होतेस.) तुझी प्रकृती आता उत्तम असेल, असे गृहीत धरतो. गुडघ्यांचा प्रश्नही निकालात निघाला असावा. मी ठीक आहे. उजव्या तर्जनीस सुईने ठिकठिकाणी भोके पाडलेली असल्यामुळे अक्षर नेहमीसारखे नाही, त्याबद्दल क्षमस्व.

पत्राचा विषय ससे हा आहे. तुझ्या पश्चात सदर बाजारातील शिवणाची खोली रिकामी करावी, किल्ल्या घरमालकीण रोशनबी यांना द्याव्यात आणि मी पुण्यास राहावयास यावे, असा आपल्या चि. संगमेशने सल्ला दिला होता. सल्ला योग्यच होता. तो अमलात आणण्यासाठी मी खोलीत गेलो असता चर्चच्या रविवारच्या शाळेतील शालूबाई तेथे आल्या. ईस्टरला मुलांना वाटण्यासाठी सशाच्या आकाराच्या चाळीस पिशव्या शिवून देण्याचे तू कबूल केले होतेस, परंतु आता ते काम रद्द समजावे, असे त्या मोठ्या समजूतदारपणे म्हणाल्या. मी त्यांना सांगितले, "शब्द शांतादेवीने दिलेला आहे. तो रद्द करण्याचा अधिकार मला नाही." हे वाक्य उच्चारताना मला फार समाधान वाटले. मशीनमध्ये बॉबिन कोठे असते हे आपणास ठाऊक नाही, ही गोष्ट शालूबाई गेल्यानंतर ध्यानात आली.

पाटबंधारे खात्यात उभी हयात नकाशांवर घालवलेल्या मनुष्यास ससा तो काय अवघड, असे मला वाटत होते. पहिल्या सशास मी चहूबाजूंनी इतकी पक्की टीप मारली की त्याला उलटवून सुलटा करण्यास वाटच उरली नाही. त्याचे कान अद्याप आत आहेत. दुसरा मी अगदी रेघेवर कापला, शिवणीसाठी माया सोडली नाही, त्यामुळे तो उंदीर झाला. (तो जपून ठेवला आहे. उंदीर म्हणून त्यात दोष नाही.) त्यानंतर मात्र हात बसला आणि मी तुझे कागदी साचे तपासण्यास घेतले. त्यांत मला तुझी एक चूक आढळली. सशाचे पोट उंचीच्या मानाने फार मोठे होते. ससा हा चपळ प्राणी आहे. तुझा ससा पुरणपोळीच्या पंगतीतून नुकत्याच उठलेल्या तुझ्या बंधूंसारखा दिसत होता. (बंधू खुशाल आहेत.) मी प्रमाण काढले, नवा आराखडा केला व पोट दोन बोटांनी कमी केले. आराखड्याचा कागद पंख्याने उडू नये म्हणून मशीनच्या खणात सापडलेला पांढरा, गुळगुळीत नदीचा गोटा त्यावर ठेवला. तू तो त्याच कामासाठी ठेवला असशील, असा माझा समज झाला. पुढील मजकूर वाचताना हा गोटा कृपया लक्षात असू द्यावा.

शनिवारी चैत्र पौर्णिमेस मी शालूबाईंना पाहणीसाठी बोलावले. निम्मे कोल्हापूर जोतिबाच्या डोंगरावर गेलेले होते. तुझ्या शिवणवर्गातील मुली गेल्या होत्या आणि कोपऱ्यावरचा कापडवालाही फळी लावून गेला होता. बाकावर चाळीस सडपातळ ससे कान ताठ करून उभे होते. तू शिवून ठेवलेला नमुन्याचा लठ्ठ ससा मी, तुझा मान राहावा म्हणून, कपाटातच ठेवला होता. शालूबाईंनी शिवणीचे कौतुक केले, मग स्टीलचा डबा उघडून त्यातून तांबडे रंगवलेले एक उकडलेले अंडे बाहेर काढले आणि ते रांगेतील पहिल्या सशाच्या पाठीवर असलेल्या पिशवीच्या तोंडातून आत घालू लागल्या.

शांतादेवी, त्या पिशव्यांत चिरमुरे व लिमलेटच्या गोळ्या घालावयाच्या असतात, अशी माझी कल्पना होती. आपल्या घराण्यात अंड्याचा संबंध प्राणिशास्त्राच्या पुस्तकापलीकडे कधी गेला नाही, हे तू जाणतेस. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मागून शालूबाईंचा आवाज आला, "काका, अंडं आत जाईना हो. उद्या सकाळी पोरं रांगेत उभी राहणार, त्यांना मी काय सांगू?" याहून लहान आकाराची अंडी मिळण्यासारखी आहेत काय, अशी मी पृच्छा केली. डब्याचे झाकण लागल्याचा आवाज आला. खिडकीत रोशनबींची कोंबडी बसली होती, तिने मात्र मान वाकडी करून माझ्याकडे पाहिले.

कोंबडीमागोमाग रोशनबी आल्या. एव्हाना मी तो गोटा हातात धरून येरझारा घालत होतो. त्यांनी आधी गोट्याकडे पाहिले, मग बाकावरील सशांकडे, आणि डोक्यावरचा पदर सारखा करीत म्हणाल्या, "सायेब, ह्यो गोटा तुमी कागदावर ठेवलायसा व्हय? आवं, अंड्याचं माप हाय ते. वैनींनी माझ्या कोंबडीचं अंडं पदराखाली घालून नेलं आणि पंचगंगेच्या घाटावर त्येच्या जोडीचा गोटा हुडकून आणला. खोलीत अंडं नगं म्हणाल्या. सायबांस्नी चालायचं न्हाय."

मी कपाटातून तुझा ससा काढला व गोटा त्याच्या पाठीतून आत सोडला. तो स्वतःच्या घरी आल्यासारखा आत जाऊन बसला. त्यानंतर काही वेळ मी खिडकीची कडी नीट बसते किंवा कसे, हे तपासत होतो. तू मला विचारले असतेस तर मी नकार दिला असता, आणि मी नकार दिला असता तर तू तो मोडला नसतास. म्हणून तू विचारलेच नाहीस, घाटावर गेलीस. त्या गुडघ्यांनी.

उपाय एकच होता. प्रत्येक सशाच्या पोटाची शिवण उसवून मध्ये पट्टी घालणे. पांढरे कापड संपलेले, दुकाने बंद. तेव्हा मी घरी जाऊन माझा निळ्या रेघांचा पायजमा घेऊन आलो. (होय, तोच. तो भांडी पुसावयास काढावा अशी तुझी जुनी मागणी होती. तो याहून चांगल्या कामी आला, हे तू मान्य करशील.) रोशनबी उसवीत होत्या, शालूबाई पट्ट्या कापीत होत्या व मी टीप मारीत होतो. "उसवायला मी, कातरायला ह्या, आणि उद्या समदे म्हणणार, सायबांनी शिवलं," असे रोशनबी मधूनमधून ऐकवीत होत्या. तपासणीस एकाऐवजी दोन मापे असली तर वेळ वाचेल, असे ठरले. गोटा शालूबाईंकडे होता. रोशनबींनी परसातून नुकतेच घातलेले अंडे आणून, मी काही म्हणण्यापूर्वी, माझ्या तळहातावर ठेवले. ते कोमट होते. याविषयी अधिक लिहीत नाही.

काल सकाळी मी चर्चच्या फाटकाशी, कडुनिंबाखाली, उभा होतो. मुले सशांना छातीशी धरून बाहेर येत होती. एका मुलीने आपल्या आईस मोठ्याने सांगितले की तिच्या सशाने पायजमा घातला आहे. मग सर्वांनीच आपापले ससे उलटे करून पाहिले व आरडाओरडा केला. पुढील वर्षीही पायजम्याचेच ससे हवेत, असे शालूबाई म्हणाल्या. परतताना जोतिबाहून येणाऱ्या एका ट्रकमधून माझ्यावर गुलाल पडला. मी तो झटकला नाही. बऱ्याच दिवसांनी काल रात्रीचे जेवण जेवल्यासारखे वाटले.

तात्पर्य, तुझा शब्द पूर्ण झाला आहे. मशीनवर आच्छादन घातले आहे. हे पत्र तुझ्या खोलीत, तुझ्या बाकावर बसून लिहिले असून ते संपताच मी खोलीस कुलूप लावणार आहे. यापुढे शिवणकामाशी माझा कोणताही संबंध राहणार नाही.

तुझा,
वीरभद्र शिवलिंगाप्पा माळगे
(निवृत्त उपअभियंता)

ता. क. १. अंड्याची हकीकत माझ्या मातोश्रींच्या कानी घालू नये. त्या तुझ्या आसपासच असतील. विचारलेच, तर तो गोटा होता असे सांगावे.

ता. क. २. उचगावच्या एका बालवाडीस गणेशोत्सवासाठी हत्तीच्या पिशव्या हव्या आहेत. त्या बाई आज येथे आल्या तेव्हा मी नकार देण्यासाठी उठून उभा राहिलो आणि कोणत्या रंगाचे हत्ती, असे विचारून बसलो. कापडाची अडचण नाही, दुसरा पायजमा आहे. परंतु सोंड फार अरुंद होते व ती शिवल्यावर उलटवावयाची कशी, हे मला उमगत नाही. पत्र लिहिण्याचे मुख्य कारण हेच आहे. मी लवकर झोपतो. पहाटेच्या सुमारास स्वप्नात येऊन दाखवल्यास सोयीचे होईल. घाई नाही, एकदा येऊन न समजल्यास पुन्हा यावे लागेल.

ता. क. ३. (नंतर.) दिवेलागणीस खोलीला कुलूप लावले व किल्ल्या रोशनबींना परत केल्या. त्यांनी त्या चहा होईपर्यंत पदराच्या गाठीत ठेवल्या, आणि चहा झाल्यावर मला परत केल्या.