मला आणि शेताला एकच पथ्य

बुहेरा, १४ ऑक्टोबर

सकाळी शेळ्या सोडल्या. दवाखान्यात जाऊन आलो. दुपारी शेतकी खात्याचा माणूस येऊन गेला. संध्याकाळी ग्वातिद्झो आला. वारा कोरडा आहे. पावसाला अजून महिना आहे.

आदरणीय सासरे तफुमा यांस,

जमिनीवर बसून, तळहात वाजवून जावई झिवानाय याचा नमस्कार. (तुमचं नाक तुमची मोठी बहीण सेकेसाई पदर ओला करून पुसायची ते मी पाहिलेलं आहे. पण बायकोचा भाऊ तो सासरा, तिथे वय विचारायचं नसतं.) गाबोरोनला तुम्ही सगळे बरे असाल तर मीही बरा आहे.

हे वाक्य मी आज दवाखान्यातल्या नर्सबाईंनाही म्हणालो. त्या म्हणाल्या, "मी बरी आहे, आजोबा. तुम्ही नाही." इतक्या वर्षांत या नमस्काराला असं उत्तर कोणी दिलेलं मी ऐकलं नव्हतं. रक्तात साखर सापडली म्हणे. मी सांगितलं की मी साखर खातच नाही, चहातही फार नाही. मग काय खाता? साद्झाचा घट्ट गोळा. कशाचा? मक्याच्या पांढऱ्या पिठाचा. आणि सकाळी? त्याचीच पेज. सोबत पाला, चवळी, काही? काहीच नाही. तुम्हाला माहीत आहे, सेकेसाई गेली तेव्हा भेटायला आलेला प्रत्येकजण गिरणीच्या पांढऱ्या पिठाची पिशवी घेऊन आला. नंतरही येत राहिले. लोकांनी एवढ्या मायेने आणलेलं कोंबड्यांना कसं घालायचं? आणि मला साद्झा सोडून दुसरं काही शिजवता येत नाही. नर्सबाईंनी पथ्य सांगितलं: नाचणी, चवळी, पाला, सुकवलेली रानभाजी, भुईतले गोल दाणे. बाई सेकेसाईला कधी भेटल्या नव्हत्या, पण आमच्या घरचं ताट त्या जसंच्या तसं मांडत होत्या.

घरी येऊन जरा टेकलो तोच शेतकी खात्याचा तरुण मोटारसायकलवरून आला. यंदा मका पिवळा पडून गुडघ्याएवढाच राहिला, म्हणून मीच त्याला निरोप पाठवला होता. त्याने माती नळीत घातली, वर काहीतरी ओतलं, नळी उन्हात धरली आणि तोंड वाकडं केलं. मी घाबरून विचारलं, साखर आहे का? तो हसला. म्हणाला, आंबट झाली आहे. मग त्याने विचारायला सुरुवात केली. हिला काय देता? पांढरं खत, पोत्यातलं. आणि? तेच. पेरता काय? मका. त्याआधी? मका. तुमच्या बायकोच्या तुकड्यात? तिथेही मका. (दुसरं बियाणं माझ्याकडे नव्हतं, ते का नव्हतं ते पुढे सांगतो.) मध्ये चवळी, नाचणी, काही? इथेही काहीच नाही. सासरे, मला खरंच कळेना की हा मातीला विचारतो आहे की मला. शेवटी त्याने पथ्य सांगितलं: चुना टाका, शेणखत घाला, नाचणी लावा, चवळी लावा, गोल दाणे लावा, एकाच गोष्टीवर ठेवू नका तिला. मी म्हटलं, तुमची आणि नर्सबाईंची ओळख आहे का? त्याचा काहीतरी गैरसमज झाला. लाजून निघून गेला.

तेव्हापासून मी ओट्यावर बसून आहे. माणूस आजारी पडतो हे मला कळतं, शेत आजारी पडतं हेही कळतं. दोघांना एकच आजार, एकाच बाईच्या जाण्याने, हे मला अजून पचत नाही.

आता बियाण्याचं. सेकेसाईची नाचणी तिच्या स्वयंपाकाच्या खोपटात, राखेत घोळून, तोंड शेणाने लिंपलेल्या तुंब्यात आहे. खोपटातली प्रत्येक वस्तू तिच्या हातची, म्हणून तिच्या माहेरची. तुम्ही येऊन वाटणी करेपर्यंत नवऱ्याने उंबरा ओलांडायचा नाही. मी ओलांडलेला नाही. मागचा पावसाळा तसाच गेला. (तुमच्या अडचणी मी समजतो. तुमचा साहेब रजा देत नाही, हे तुम्ही तीनही वेळा कळवलंत.)

संध्याकाळी ग्वातिद्झो आला. तो आमच्या घराण्याचा सहवीरा, म्हणजे मेलेल्याचे कपडे घालून त्याची नक्कल करायचा हक्क असलेला एकमेव माणूस. अंत्यविधीच्या दिवशी त्याला दिलेला सेकेसाईचा हिरवा रुमाल त्याने डोक्याला बांधला होता. खाली दाढी. कमरेवर हात ठेवून त्याने माझ्या भांड्यात डोकावलं आणि तिच्या आवाजात ओरडला, "अहो नेत्साईचे बाबा, हे जेवण आहे का भिंतीला द्यायचा रंग?"

मी म्हणालो, "नाही गं."

मग तो माझ्या शेजारी ओट्यावर बसला.

असो. मुलांना आशीर्वाद.

तुमचा जावई,
झिवानाय

ता. क. – खरं म्हणजे हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं: पावसाच्या आत याल का? जमत नसेल तर तुंबा उघडायला हरकत नाही एवढं तरी कळवा. दाणा आणखी एक वर्ष जगणार नाही.

ता. क. दुसरा – तुंबा उघडला आहे. रुमाल न सोडताच ग्वातिद्झो उठला आणि खिळ्यावरची चावी घेऊन खोपटाकडे निघाला. मी म्हटलं, "ग्वातिद्झो, थांब, तिच्या माहेरचे आलेले नाहीत." तो वळून म्हणाला, "कोण ग्वातिद्झो? माझ्या तुंब्याला हात लावायला मी कुणाची परवानगी घेऊ?" तिच्यापुढे मी कधी बोललो आहे? पेरण्यापुरते दाणे बाजूला ठेवून तिने ओंजळभर मला भरडून दिले. दंडाची शेळी तुम्हीच निवडा, फक्त काळी सोडून. ती सेकेसाईची लाडकी होती.

ता. क. तिसरा – ग्वातिद्झो रुमाल दाराला अडकवून घरी गेला. पेजेत गुठळ्या झाल्या आहेत. आता इथेच थांबतो. चुलीपाशी बसून त्या मोडायच्या आहेत.