थॅडला झेल येतो का?

टार्बेल, पेनसिल्व्हेनिया
हरणांच्या शिकारीचा दुसरा आठवडा

तीर्थस्वरूप ओटिलियाअक्का हिस,

धाकट्या अँब्रोजचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर साष्टांग आता फक्त कागदावरच जमतो, तो गोड मानून घे.) तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? भावोजींची कंबर? तिकडे अ‍ॅरिझोनात म्हणे डिसेंबरातही लोक बिनकोटाचे फिरतात. इथे सकाळी दाराबाहेर पाऊल टाकलं की नाक आपलं आहे की दुसऱ्याचं, हे चाचपून बघावं लागतं. बाकी क्षेम. तळघरातली वॉशिंग मशीन पुन्हा गळते आहे. आयुष्यभर गावाच्या मशिनी दुरुस्त केल्या, पण स्वतःच्या मशिनीसमोर बसलो की माझा हात चालत नाही, त्याला काय करणार?

आता मुद्द्याचं. गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस, की आडवळणं न घेता सांग, थॅडला झेल येतो का? येत नसेल तर नाताळच्या आत त्याला परत पाठव, इकडे फरशीचं दुकान त्याची वाट बघतंय. मी तोंड उघडलं, तेवढ्यात ‘येत नाहीच, मला माहीत आहे’ असं उत्तरही तूच दिलंस आणि फोन ठेवलास. म्हणून हे पत्र. पत्रात तुला मधे बोलता येत नाही. बोललीस तरी मला ऐकू येणार नाही.

तू लहानपणापासून फुटबॉलच्या मैदानाकडे पाठ करून गप्पा मारणारी, म्हणून आधी थोडं समजावतो. या आपल्या फुटबॉलमध्ये पायापेक्षा हातच जास्त चालतो. गावच्या संघात एक जण चेंडू फेकतो. त्याला क्वार्टरबॅक म्हणतात, आणि त्याच्याइतका मान गावात फक्त पाद्रीबाबांना असतो. दोन्ही कडांनी जे सुसाट पळत जाऊन तो लांबवरचा चेंडू झेलतात, ते रिसीव्हर. झेलला तर टाळ्या, सुटला तर सबंध हिवाळाभर न्हाव्याच्या दुकानात त्यांची हजामत. या रिसीव्हरांचा शिक्षक मी. (नेमणूक माझ्या गुणांमुळे झाली नाही. आधीचा शिक्षक फ्लोरिडाला राहायला गेला आणि त्याची शिट्टी माझ्या गाडीत राहिली.) मुख्य प्रशिक्षक मर्झसाहेब. तुला आठवत असतील. गावातली सगळी मयतं त्यांच्याच हातून जातात. धंद्याची सवय अंगात मुरल्यामुळे ते कधीच ओरडत नाहीत. सामना हरत असलो की हळूच जवळ येतात, खांद्यावर हात ठेवतात आणि ‘जे झालं ते स्वीकारायला हवं’ असं म्हणतात. एखाद्याने शिव्या दिल्या तर परवडलं गं!

यंदा आम्ही बरेच सामने हरलो. शेवटच्या सामन्यानंतर आमची जुनी बस घाटात कायमची बसली, आणि तिच्या जागी जी गाडी मिळाली तीत एक माणूस कमी मावतो. मर्झसाहेबांनी मला बाजूला घेतलं आणि मऊ आवाजात म्हणाले, “अँब्रोज, तुझे रिसीव्हर तीन. पुढच्या हंगामाला मी दोन धरलेत. मोसम संपला आहे, सगळ्यांना नीट पारखून घे आणि कोणाला निरोप द्यायचा ते मला सांग.” निरोप हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला की माझ्या पाठीतून बर्फ सरकतो.

आता हे तिघे कोण, ते ऐक. पहिले आपले दाताचे डॉक्टर फेन. पळणं असं, की बघत राहावं. वळण घेतात तेव्हा समोरचा गडी त्यांना शोधत उभा राहतो. पण चेंडू आला की दोन्ही हातांची बोटं काखेत! बोटांवर पोट आहे, मोडली तर गावाचे दात कोण काढणार, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे नवजात बाळ घ्यावं तसा ते कोपरांवर चेंडू घ्यायला बघतात, आणि तो बाळासारखाच निसटतो. दुसरा व्होयटेक खाटीक. याचे हात म्हणजे हात नव्हेत, घमेली आहेत. याच्याकडे भिंत फेकलीत तरी झेलेल. पण पळण्याचं नाव काढू नकोस. त्याला पंचवीस पावलांवर पोचवायचं तर आदल्या दिवशी निघायला हवं. (शिवाय वाटेत कोणी ओळखीचं दिसलं की थांबून रविवारसाठी किती मांस हवंय, ते विचारतो.)

आणि तिसरा आपला थॅड. अक्का, मामा म्हणून नाही, शिक्षक म्हणून लिहितो: पोरगं पळतं छान, हात चांगले, उंची भावोजींची, म्हणजे बेतापुरती. सरावात मी जवळून टाकलेला चेंडू एकही सोडत नाही. पण सामन्यात? चेंडू त्याच्या छातीवर आपटतो, डोक्यावर आपटतो, एकदा तर कानावर आपटला आणि यानं मागे वळून ‘कोण?’ असं विचारलं. आमचा क्वार्टरबॅक गस चिडून म्हणाला, “याला पत्रानं कळवत जा, चेंडू निघाला म्हणून.” मला वाटलं, डोळ्यांचा दोष असावा. चष्मेवाल्याकडे नेलं. तो म्हणाला, याची नजर घारीची आहे. मग मी म्हटलं मनाचा दोष. पण माझ्या गुडघ्यासाठी दोन आठवडे म्हणून आलेला हा पोरगा तीन वर्षं माझ्या वरच्या खोलीत राहतोय, सकाळी मला उठवून चालवतो, माझं सूप खाऊन वर ‘छान झालंय’ म्हणतो. त्याच्या मनात दोष कुठून काढू?

परीक्षा ठरली शनिवारी. आता बघ, शिकारीचा पहिला दिवस! त्या दिवशी टार्बेलमध्ये पुरुष म्हणून फक्त पुतळे असतात, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. गस अर्थातच बंदूक घेऊन पहाटे जंगलात गेलेला. फेकणार कोण? मर्झसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते एका मयताहून थेट आले होते आणि त्यांची लांबलचक काळी शववाहिनी मैदानाच्या कडेला उभी होती, मागचं दार उघडं. (गाडी रिकामी होती. फक्त फुलं होती. मी आधी खात्री करून घेतली.)

मी पहिला चेंडू डॉक्टरांना म्हणून फेकला. तो डॉक्टरांपासून इतक्या लांब गेला की ते मला विचारायला परत आले, दुसरा कोणी खेळतोय का. दुसरा फेकला व्होयटेकसाठी. हात हलला एकीकडे, गुडघा दुमडला दुसरीकडे, आणि चेंडू वर चढून गोल फिरला आणि सरळ शववाहिनीच्या उघड्या दारातून आत! व्होयटेक एरवी जागचा हलत नाही. पण त्या दिवशी नोकरीचा प्रश्न असल्यासारखा डोकं खाली घालून निघाला तो थांबलाच नाही. चेंडूच्या मागोमाग तोही आत. गाडी दोनदा डुलली. मग गळ्यात पांढऱ्या फुलांचं चक्र आणि हातात चेंडू अशा अवस्थेत त्याचं डोकं बाहेर आलं आणि तो ओरडला, “झेलला! खाली पडू दिला नाही! धरायचा का नाही?”

मर्झसाहेब गाडीजवळ गेले आणि म्हणाले, “व्होयटेक, आत गेलेलं मी सहसा परत बाहेर काढत नाही. पण तू ये.”

डॉक्टर हसून हसून बर्फात बसले. मला मात्र रडू येत होतं. कारण फेकणारा असा असेल तर पारख कोणाची होणार आणि कशी? आणि थॅडची पाळी यायची होती. तो शेवटच्या टोकाला उभा, चेहरा पांढराफटक. मला कळत होतं, त्याला गाव सोडायचं नाही. आणि मी त्याला जो चेंडू फेकणार, तो शेजारच्या तालुक्यात पडणार.

तेवढ्यात मागून आवाज आला, “काका, द्या इकडे. तुमचं फेकणं बघून मलाच हुडहुडी भरली.” ही कोरिना. सामन्यांना मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात बटाट्याचं सारण भरलेल्या, करंजीसारख्या पिरोगी तळायची गाडी लावते. त्या दिवशी मर्झसाहेबांनी तिला सगळ्यांसाठी गरम कॉफी आणायला सांगितलं होतं, म्हणून आलेली. मी म्हटलं, “अगं, हा चेंडू आहे, पिरोगी नव्हे.” ती म्हणाली, “शाळेत मी सॉफ्टबॉल खेळायचे. आणि पिरोगीसुद्धा कढईत नेमकी टाकावी लागते, काका, नाहीतर तेल उडतं.” हातमोजे काढले, हातावर फुंकर मारली आणि फेकला. अक्का, काय सांगू! चेंडू शिट्टी वाजवत गेला आणि असा अलगद उतरला, की डॉक्टर फेन यांनी स्वतः होऊन काखेतून बोटं बाहेर काढली. झेलला. बोटं मोजली, सगळी होती. पुन्हा पळाले. मग तिनं व्होयटेकला पळायलाच लावलं नाही, तो जिथे रेंगाळेल तिथे चेंडू त्याच्या पोटावर आणून ठेवला. म्हणजे इतकी वर्षं दोष झेलणाऱ्यांचा नव्हताच. गस चेंडू फेकायचा तो दगड भिरकावल्यासारखा.

मग थॅड. त्यानं जो झपाटा लावला तो मी तीन वर्षांत पाहिला नव्हता. डावीकडे, उजवीकडे, उडी मारून, लोळण घेऊन, एका हातानं, पाठमोरा. एकही सुटला नाही. मर्झसाहेबांनी टोपी काढली. (त्यांच्या धंद्यात ती फक्त एकाच प्रसंगी काढतात.) मी मात्र चेंडूकडे बघणं सोडून पोराच्या डोळ्यांकडे बघू लागलो, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो चेंडूकडे बघतच नव्हता. तो फेकणारीकडे बघत होता! सामन्यात तो डाव्या कोपऱ्यातल्या गाडीकडे बघायचा आणि चेंडू यायचा मधून. आता जिथे नजर होती तिथूनच चेंडू निघत होता. सुटेल कसा?

गाडीतून घरी येताना मी विचारलं, “कधीपासून?”

“काय कधीपासून, मामा?”

“पिरोगी.”

त्यानं बाहीनं खिडकीची काच पुसली. म्हणाला, “पहिल्या हंगामापासून. मला पिरोगी आवडतसुद्धा नाहीत.” आणि मग थोड्या वेळानं, “मामा, मी परत नाही जाणार. आईला तुम्ही सांगा. मी सांगितलं तर ती रडेल आणि मग मी जाईन.”

तर आता मी सांगतोय. तू रडू नकोस. रडलीस तर पत्र बाजूला ठेव आणि मग वाच.

मर्झसाहेबांनी निकाल दुसऱ्या दिवशी चर्चबाहेर दिला. तिघेही रिसीव्हर राहणार. पुढच्या हंगामात चेंडू कोरिना फेकणार. गस हरीण घेऊन परतला तेव्हा त्याला हे सांगायला मीच गेलो, जीव मुठीत धरून. तो मटकन बसला आणि म्हणाला, “देव पावला. दोन वर्षं खांदा दुखतोय, कोणाला सांगायची सोय नव्हती.” राहिला गाडीतल्या एका कमी जागेचा प्रश्न. मर्झसाहेब माझ्याजवळ आले. खांद्यावर हात ठेवला. “अँब्रोज,” ते हळूच म्हणाले, “तुझ्याकडे स्वतःची गाडी आहे ना?”

असो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर: येतो. थॅडला झेल उत्तम येतो. भावोजींना नमस्कार.

तुझा,
अँब्रोज

ता. क. – लग्न मे महिन्यात आहे. हे वर लिहायचं राहिलं. साखरपुडा कालच झाला, घाईत. तुला कळवायला पोरानं तीनदा फोन उचलला आणि तीनदा ठेवला, हे मी स्वतः बघितलं.

दुसरा ता. क. – मुलीचं आडनावही राहिलं. कुबिक. हो, तेच कुबिक. ती व्हर्नाची मुलगी आहे. अक्का, पत्र फाडू नकोस, अजून थोडंच आहे. तुझा अक्रोडाचा रोल विकतचा आहे असं व्हर्नानं भर चर्चमध्ये सांगितलं, त्याला तीस वर्षं झाली. तुम्ही तेव्हापासून बोलला नाहीत हे गावाला माहीत आहे, आणि गाव सोडायचं कारण भावोजींची नोकरी नव्हती, हे मला माहीत आहे. पण लग्नात घराघरांतून आलेल्या बिस्किटांचं आणि गोडाधोडाचं टेबल व्हर्नाच मांडणार, आणि नवऱ्या मुलाच्या आईच्या हातचं त्यावर काही नसलं तर पोराचं तोंड कसं दिसेल, ते तूच बघ.

तिसरा ता. क. – हे सगळं मी व्हर्नाच्या स्वयंपाकघरात बसून लिहितोय. ती मगाशी पाठीमागून वाचून गेली. भांडी घासायला लागली आणि मागे न वळता म्हणाली, “लिही तिला. अक्रोडाचाच आण म्हणावं. टेबलावर मधोमध ठेवीन, आणि पहिला तुकडा सगळ्यांसमोर मी खाईन.”