हिरवा बेडूक कोणता

बाबा, काल अडाणच्या धरणावर गेले होते, तुमच्या नातवाबरोबर. तुम्ही गेलात तेव्हा तो रांगत होता, आता बावीस वर्षांचा आहे. मरळ मासा धरायला त्यानं मोबाइलवरून रबरी बेडूक मागवलेत. पोटाखाली गळ लपवलेले, दोरी ओढली की पाण्यावर उड्या मारतात. डबीत वीसेक रंग. ती माझ्यासमोर धरून म्हणाला, "आई, पाणी नितळ हाये. यातला हिरवा कोणता, सांग बरं." मी एकावर बोट ठेवलं, त्यानं तो बांधला, आणि मी काठावरच्या दगडावर बसून राहिले.

तुम्ही बेडूक घरीच करायचात. झिजलेल्या स्लिपरच्या तळाचा तुकडा कापून त्यावर आपल्या शिलाईच्या दुकानातली कातरण शिवायची. गुरुवारी कारंज्यातलं दुकान बंद, म्हणून मला सायकलच्या दांडीवर बसवून निघायचं. "गढूळ पान्यात काळा, आभाळ आलं का पिवळा, नितळ पान्यात हिरवा," हे तुम्ही वाटेत मला इतक्यांदा सांगितलंय की अजून झोपेतसुद्धा म्हणेन. आणि धरणावर पोचलो की हात पुढे करायचात, "दे वं बाई, हिरवा दे." दुकानातही तसंच. बायकांची ब्लाउजं शिवायचात तुम्ही, पण कापडाला जुळणारं दोऱ्याचं रीळ काढून द्यायचं काम माझं. मला वाटायचं, बाप लाड करतो आहे. बारा वर्षांच्या मुलीला दुसरं काय वाटणार?

त्या गुरुवारी तुम्ही हिरवा मागितलात आणि मी लाल दिला. माझ्या जुन्या फ्रॉकची चिंधी होती ती, तिच्यावर मासा यावा असं मला फार वाटत होतं. एवढंच कारण. तुम्ही तो उलटून पाहिलात, गळ चाचपलात, आणि टाकलात. शेवाळातून काय उसळली ती मरळ! माझ्या हाताएवढी लांब. तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे राहून हसत होतात.

दुसऱ्या दिवशी समोरचे कापडवाले चाचा दुकानात चहाला आले होते. एक बाई लेकीच्या लग्नाची ब्लाउजं टाकायला आलेल्या, मोठं काम होतं. तुम्ही चाचांना मासा दाखवल्यासारखे हात पसरून सांगत होतात, "हिरव्या बेडकावर आली, चाचा, एका झटक्यात."

मी खो खो हसले. "बाबा, लाल होता तो! तुमाले रंगच नाई समजत. दोराबी मलेच काढून द्या लागते."

"अरे, पोरगी मजाक करून राह्यली," चाचा लगेच म्हणाले. पण त्या बाईंनी तुमच्याकडे पाहिलं, मग मशीनवरच्या रिळाकडे, आणि एकेक कापड परत पिशवीत घातलं. "मास्तर, जराशी घाई हाये. दुसरीकडं टाकते."

गाव केवढंसं. दिवाळी येईपर्यंत बायकांचं काम पार बंद झालं. पुढे तुम्ही बाजार समितीतल्या फाटक्या पोत्यांना टाके घालत राहिलात, अगदी शेवटपर्यंत.

तुम्ही मला रागावला नाहीत, आणि तिथंच माझा गुंता होतो. त्या संध्याकाळी जेवताना एवढंच विचारलंत, "लाल होता काय खरंच?" मी हो म्हणाले. "नितळ पान्यात?" हो. तुम्ही भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवलात. "मंग मरळ आली काहून?" पुढच्या गुरुवारी मी सायकलजवळ उभी आहे आणि तुम्ही म्हणता आहात, "तू राय घरी." आई म्हणाली, पोरगी मोठी झाली म्हणून नेत नाहीत. खरं काय होतं, बाबा? राग होता? लाज होती? की आपल्याला रंग दिसत नाहीत हे तुम्हाला स्वतःलाच त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि तुम्ही माशाचं निमित्त करून मला विचारत होतात? मी कधी विचारलं नाही. काल पाण्याकडे बघत तेच उलटसुलट करत होते. हिरव्यावर काही आलं नाही. पोरानं न बघता दुसरा बांधला, त्यावरही नाही. माशाला काय दिसतं, कोण जाणे.

गेल्या वर्षी तो रेल्वेच्या नोकरीच्या तपासणीत अडकला. रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे त्याला वाचता येईनात. अकोल्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हे मुलाला आईकडून येतं, आईला स्वतःला त्रास नसतो. मग माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, तुमच्या वडिलांना होतं का असं?" पोरगा माझ्याकडे बघत होता. आपल्या एकट्याच्याच वाट्याला हे कुठून आलं, असा त्याचा चेहरा. एका शब्दात त्याला सोबत देता आली असती. तुमची.

हे लिहून झालं की कपाटात ठेवीन, आणखी कुठे देणार? त्यालाही दाखवणार नाही. कारण डॉक्टरांना मी म्हणाले, "नाही. आमचे बाबा टेलर होते. त्यांना सगळे रंग कळायचे."