इतवारी माझ्याकडे राहते

१२ नोव्हेंबर
गृहभेट पार पडली. गेल्या मंगळवारी मला पस्तीस पूर्ण झाली, म्हणजे एकट्या बाईकडे मूल सांभाळायला देण्याच्या नियमात मी बसते. बाल संरक्षण कक्षाच्या अंजनाबाईंनी संडास पाहिला, फ्रिज उघडला, बाबांना बीपी विचारलं. मग मला : मूल घरी परत गेलं तर तुम्हाला काय वाटेल? म्हटलं, आनंदच. अगदी मनापासून.
दुरुस्ती : मनापासून नाही. (बाबांनी शाळेआधी घरीच पाटीवर लिहायला शिकवलं, तेव्हाचा नियम. खोडायचं नाही, खाली दुरुस्ती लिहायची.)

३ डिसेंबर
आली! इतवारी. वय सात. आईबाप नाहीत, जंगलातल्या गावी आजीपाशी असते. आजी विहिरीवर घसरली, मांडीचं हाड मोडलं. ती बरी होईपर्यंत मुलगी इथे. कागदावर 'तात्पुरतं' लिहिलंय. पण आजी सत्तरीची. मांडीचं हाड. तात्पुरतं म्हणजे किती, ते मला कळतं.
दुरुस्ती : म्हातारीच्या हाडावर हिशेब बांधला. लाज वाटली.
संकल्प : जीव लावायचा नाही.

४ डिसेंबर
तीन फ्रॉक, स्वेटर, सायकल. याचा जीव लावण्याशी संबंध नाही. मुलांना सायकल लागते.

१९ डिसेंबर
अजून मॅडम म्हणते. मावशी म्हण, असं सांगितलं. हो मॅडम, म्हणाली. बाबा खोकला येईपर्यंत हसले. म्हणे, जीआर काढा लागते का आता मावशीसाठी?

११ जानेवारी
रोज पहाटे उठून कडुलिंबाखाली झाडते. मी न सांगता! पाच आठवड्यांत स्वच्छतेची सवय. बाबा म्हणाले, अवं, थे झाडाखालचंच काऊन झाडते? बाकी अंगण पडलंच आहे ना. बाबांना खोट काढायची सवयच आहे. लहान आहे, दमत असेल.

८ फेब्रुवारी
रोज सकाळी एकच प्रश्न : मोह पडला का? निसर्गाची इतकी ओढ आजकालच्या मुलांत दिसत नाही. बाजारातून पावशेर वाळका मोह, म्हणजे मोहाची सुकी फुलं, आणून वाटीत दिली. तिने वास घेतला, वाटी परत केली. म्हणाली, हा मागच्या सालचा हाय.
क्वालिटीबद्दलही जागरूक.

२ मार्च
तिमाही रिपोर्ट लिहिला. रकाना सात : बालक घरच्यांबद्दल विचारते का? लिहिलं, नाही. एकदाही नाही. मग अर्धवट खरं नको म्हणून खाली जोडलं, 'मोह पडला का, एवढंच रोज विचारते. झाडाखालची जागा झाडून ठेवते.' तिचं निसर्गप्रेम बालकल्याण समितीला कळलेलं बरं. सोबत मुदतवाढीचा अर्ज. आता प्रश्नच नाही. मागच्या खोलीला गुलाबी रंग द्यायला पेंटर सांगितला.

९ मार्च
अंजनाबाई आल्या. चहा नको म्हणाल्या. त्या जंगलाकडच्याच, हे मला आज कळलं. रिपोर्टवर बोट ठेवून म्हणाल्या, हे तुम्हीच लिहिलं ना? आमच्याकडे मोह पडाच्या आधी ज्याच्या त्याच्या झाडाखाली जागा झाडून ठेवतात, बाई. मग फुलं वेचता येतात.
इतवारीला जवळ घेऊन गोंडीत काहीतरी विचारलं. इतवारी बोलायलाच लागली. तीन महिन्यांत इतकं बोलली नव्हती. मला एक शब्द कळला नाही. तिच्याकडून मी अख्खी बाराखडी पाठ करून घेतली. तिच्या भाषेत पाण्याला काय म्हणतात, ते मला माहीत नाही.
अंजनाबाईंनी सांगितलं. आजी दवाखान्यात जाताना हिला बोलली होती : मोह पडला का मी येतो तुले न्यायले.
आजी आता काठी घेऊन चालते. शेजारी चुलतकाका आहे, तो लक्ष ठेवणार. मी मुदतवाढीचं विचारलं. म्हणाल्या, तुमचाच रिपोर्ट सांगून राह्यला ना बाई, पोरगी वाट पाहून राह्यली म्हणून.
म्हटलं, आनंदच आहे. नोव्हेंबरमध्ये पाठ केलेलं कामी आलं.

१७ मार्च
सकाळी इतवारीने झाडलं. मी पायरीवर बसून पाहिलं. आज दमल्यासारखी वाटली नाही.
दुपारी आजी आली. काठी, रिकामी टोपली. इतवारी अनवाणीच फाटकापर्यंत धावली. आजीने झाडाखालची जागा पाहिली, म्हणाली, पोरीनं जागा त चांगली केली. झाड कोनतं हाय, बाई? म्हटलं, कडुलिंब. आजी हसली. इतवारीही हसली. एवढी हसताना पहिल्यांदाच पाहिली.
तीन फ्रॉक पिशवीत घातले. सायकल राहिली. तिने मागितलीही नाही.
बाबा स्टँडवर आले नाहीत. म्हणाले, तू जा, मी पेंटरले फोन करतो.
एसटी सव्वाचारला सुटली. इतवारीने खिडकीतून मला हात केला.

सायंकाळी ६.४०
दुरुस्ती : हात केला नाही. काच सरकवत होती.