चाळीस मिनिटे मागे पडलेल्या घड्याळाविषयी

मी, घड्याळे दुरुस्त करणारा, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण सातवी (आठवीत चार महिने बसलो होतो, ते धरू नयेत), आज पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. सकाळी नाडी दोनदा मोजली. दोन्ही वेळा वेगळी आली, पण डॉक्टर म्हणाले, "चालायचंच." तेव्हा माझ्या शुद्धीबद्दल कुणी शंका काढू नये.

कलम एक. याआधीची माझी चारही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पत्रिकेवरून स्वतःच्या मरणाची तारीख काढून, प्रत्येक वेळी आठवडाभर आधी मी ती केली होती. चारही तारखा येऊन गेल्या. तिसऱ्या खेपेला तर धुतलेले कपडे घालून दिवसभर पडून राहिलो आणि संध्याकाळी भूक लागली म्हणून उठलो. या वेळी तारीख काढलेली नाही. कारण कलम पाचमध्ये येईल.

कलम दोन. बँकेतली शिल्लक आणि घराचा खालचा मजला माझ्या मुलीला. ती दवाखान्यात नर्स आहे. तिच्या लग्नाला मी पहाटे चार वाजून सतरा मिनिटांचा मुहूर्त काढला होता. तिने सकाळी अकराला कचेरीत जाऊन सह्या केल्या. बावीस वर्षे संसार नीट चालला आहे, त्यामुळे माझी फार पंचाईत झाली. तिच्यावरचा तो राग या कलमाने मागे घेतो. वरचा मजला धाकट्या भावाचा आहेच. तो वडिलांनीच त्याला दिला.

कलम तीन. भिंगे, चिमटे, बारीक पेचकस आणि स्प्रिंगांचे डबे शेजारच्या चांभाराला. त्याला त्यांचा काय उपयोग, मला माहीत नाही. पण तीस वर्षे तो त्यांच्याकडे बघतो आहे. समोरच्या न्हाव्याला माझी छत्री. दुकानात पाणी शिरले तेव्हा तो भर रस्त्यात म्हणाला होता, "ज्योतिषीबुवा, हे पत्रिकेत नव्हतं का?" छत्री गळकी आहे.

कलम चार. ज्योतिषाची पुस्तके आणि लोकांच्या दोनशे चौदा पत्रिका. या विद्येकडे मी हौसेने वळलो नाही. अठ्ठावीस वर्षांचा असताना एक ज्योतिषी पट्टा बदलायला दुकानात आला. बसल्या बसल्या माझी पत्रिका पाहून म्हणाला, "भावाकडून दगा आहे, जपा," आणि घड्याळ घालून निघून गेला. मला आठ दिवस अन्न गोड लागले नाही. पुन्हा विचारायला गेलो तर त्याने बिऱ्हाड हलवलेले. तेव्हा ते एक वाक्य खोटे ठरवायला म्हणून मी स्वतःच शिकायला लागलो. एका निवृत्त मास्तरांकडे दोन वर्षे दर रविवारी गेलो आणि शेवटी माझी पत्रिका मांडली. भावाच्या घरात राहू निघाला. वाक्य खरे होते.

पुढे घड्याळ तयार होईपर्यंत गिऱ्हाइके पत्रिका दाखवू लागली. प्रत्येकाला मी दरडावून विचारायचो, "जन्मवेळ कोणत्या घड्याळातली? ते बरोबर होतं कशावरून?" बायको आतून म्हणायची, "तुमच्या ग्रहांना एवढं कळतं, तर नळाला पाणी कधी येणार ते विचारा." ती गेली, तिला आता सगळे कळले असेल. पुस्तके मागेल त्याला द्यावीत. कुणी पत्रिका मागायला आले तर परत द्यावी आणि घड्याळ तपासायला सांगावे.

कलम पाच. वडिलांचे भिंतीवरचे घड्याळ.

धाकटा त्याच दुकानात चष्मे दुरुस्त करायचा. मी त्याच्या दग्याची वाट पाहत होतो. बरीच वर्षे काही झाले नाही, तशी माझी काळजी वाढत गेली. शेवटी एकवीस वर्षांपूर्वी त्याने मला न सांगता दुकानाची पाटी रंगवून आणली. तीत वर 'चष्मे' आणि खाली 'घड्याळे'. मी म्हणालो, "हाच तो दगा. तू माझ्या पत्रिकेतच होतास, बाहेर पडायला उशीर केलास इतकंच." तो म्हणाला, "दादा, रंगाऱ्यानं ओळी खालीवर केल्या. तुझी पन्नाशी म्हणून करून आणली होती." मी आणखीही बोललो, ते इथे लिहिता येत नाही. दुसऱ्या दिवशी तो आपले सामान घेऊन वरच्या मजल्यावर काम करू लागला. तेव्हापासून आम्ही भावजयीमार्फत बोलतो. ती जिन्यात उभी राहून म्हणते, "भाऊजी, हे म्हणतात मोटर बंद करा."

गेल्या महिन्यात ते घड्याळ बंद पडले. लोकांची हजारो उघडली, पण हे मी कधी उघडले नव्हते. माझी जन्मवेळ याच्यावरूनच लिहिलेली. त्यात काही खोट निघाली तर, ही धास्ती. आमच्या धंद्यात दुरुस्ती करणारा झाकणाच्या आत तारीख आणि दोष कोरून ठेवतो. या वेळी झाकण उघडले, तर तिथे कोरलेले होते: "मिनिटकाटा सैल. चाळीस मिनिटे मागे." तारीख माझ्या जन्मानंतर अकराव्या दिवसाची.

घड्याळ चालू केले आणि पत्रिका नव्याने मांडली. लग्नरास बदलली. राहू भावाच्या घरातून उठून मागच्या घरात आला. ते घर वाणीचे, म्हणजे माणसाच्या तोंडाचे. दगा धाकट्याकडून नव्हताच. एका चुकीच्या वेळेवर एवढे केल्यावर मरणाची तारीख पुन्हा काढली नाही.

म्हणून हे घड्याळ धाकट्याला द्यावे, आणि देताना मुलीने हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. मला समोरासमोर जमणार नाही. दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आलो आहे.

साक्षीदार
१. डॉक्टर. (पाचव्यांदा. "आता कायमचा शिक्काच करून घेतो," म्हणाले.)
२. चांभार साक्षीला यायचा होता. पण त्याला चिमटे मिळणार आणि ज्याला काही मिळायचे त्याची साक्ष चालत नाही, हे डॉक्टरांनी ऐन वेळी सांगितले. मी दारात उभा राहून कुणी भेटते का पाहत होतो. भावजयीने वरून विचारले, "भाऊजी, काय शोधताय?" मी म्हणालो, "एक सही." थोड्या वेळाने धाकटा खाली आला.

मी सांगितले, साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो. तो सगळा वाचत बसला. कलम पाच दोनदा वाचले.

"एवढं लिहिलंस," तो म्हणाला, "त्यापेक्षा दोन शब्द बोलला असतास."

"राहू आहे ना तोंडात."

"मग न बोलता चहा पाज."

मी म्हणालो, "सही केलीस तर घड्याळ मिळणार नाही. कायदा आहे." त्याने सही केली, खुर्चीवर चढला आणि घड्याळ भिंतीवरून काढून वर घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, जिवंतपणी दिलेल्याला कायद्याची हरकत नाही. सबब कलम पाच रद्द. चहा मी वर जाऊन घेतला.

स्थळ: राहते घर, खालची खोली
दिनांक: ९ मार्च २०२६, सोमवार
वेळ: डॉक्टरांच्या घड्याळात चार वाजून दहा, धाकट्याच्या घड्याळात चार वाजून चौदा. धाकट्याची धरावी.

सही