चौथं प्रकरण

३ मार्च

चि. वाळवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोन महिने टपालात रखडून आत्ता मिळालं. ‘प्रकरण चौथे : बदलती साक्षरता आणि माहितीचा वापर’ अशी सुरुवात बघून मामी म्हणाली, पुस्तकं कुरतडता कुरतडता पोर फारच शिकली, नमस्कारसुद्धा राहिला. तरी चौदाही पानं वाचली. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, सवय जात नाही. एकोणीस चुका लाल शाईने दाखवून परत पाठवतो आहे. हल्ली कोणी शेवटपर्यंत वाचत नाही, असं तू म्हणतेस. ती विसावी धर.

मामी विचारते, चार महिने घरी फिरकली नाहीस, बरी आहेस ना? चौदा पानांत त्याचं उत्तर काही सापडलं नाही.

तुझा,
मामा

९ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

कपाळाला हात लावून बसले आहे. छपाईच्या दुकानात कागदांची अदलाबदल झाली. प्रकरण तुझ्या पाकिटात गेलं आणि तुला लिहिलेलं पत्र माझ्या प्रबंधात बांधलं गेलं! माझे मार्गदर्शक सर फक्त सहीपुरतं पान उघडतात, असंही मी त्या पत्रात लिहिलं होतं. सरांनी सही करून प्रबंध पुढे पाठवला. दोन्ही परीक्षकांचा शेरा आहे की चौथं प्रकरण विशेष अभ्यासपूर्ण.

सरांकडे जाऊन सगळं कबूल केलं. ते म्हणाले, आता राहू दे, कोण वाचतंय. म्हणजे माझा निष्कर्ष बरोबर आला. हसावं की रडावं कळेना.

पत्र तुझंच, म्हणून माझ्या प्रतीतून फाडून सोबत ठेवलंय. सरांची चेष्टा पहिल्या पानावर आहे, तेवढी वाच. शेवटचं पान सोडून दे, आता तसं काही नाही. मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
वाळवी

१३ मार्च

चि. वाळवीस,
अनेक आशीर्वाद.

शेवटचं पान सोड, असं मुद्रितं तपासणाऱ्याला सांगतेस? चुका तिथेच दडी मारून बसतात. मी तेच आधी वाचलं.

‘मामा, झोप लागत नाही. अक्षरं नुसती डोळ्यांपुढून जातात, डोक्यात एक ओळ शिरत नाही. मला घ्यायला येशील का?’

दोन विद्वानांनी याला अभ्यासपूर्ण म्हटलं! मामी ऐकता ऐकता रडली. पदवीचं काय ते मागाहून बघू.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतो आहे. बॅग भरून ठेव. लाल पेन घरीच ठेवतो. उत्तर लिहू नकोस, पुन्हा कुणाच्या तरी प्रबंधात जायचं.

बाकी लोभ समक्ष.

तुझा,
मामा