एक औंस शिसं आणि टेरेलचं नाव

मी, होलिस वेंडेल क्राउडर, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा मासेमारीच्या सामानाचं दुकान, राहणार पेनी बेंड, ओल्ड फेरी तलावाचा उत्तर काठ, राज्य अलाबामा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. अक्षर वाकडं येतं, कारण हात थरथरतो. आणि हात थरथरतो तो चाळीस वर्षं शिसं वितळवून मूत्रपिंडं गेली म्हणून, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं आहे. दारूमुळे नव्हे, हे माझ्या मेहुण्याच्या माहितीसाठी मुद्दाम नोंदवतो. मला कोणी धाक घातलेला नाही की भरीला पाडलेलं नाही.

यापूर्वी २०११ साली वकिलाकडून करून घेतलेलं मृत्युपत्र मी या लिखाणाने रद्द करतो. त्यात एक वाक्य होतं : "माझा मुलगा टेरेल यास काहीही देऊ नये, कारण त्याला ठाऊक आहे." वकील म्हणाला होता, होलिस, हे नका घालू, कायद्याने गरज नाही. मीच हट्टाने घातलं. ते वाक्य आजपासून खोटं समजावं.

कलम १. व्यवस्था पाहणारी व्यक्ती

माझ्या मागे या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्रीमती ओझेला प्रुइट यांनी करावी. त्या बावीस वर्षं माझ्या दुकानात आहेत. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याच्या बुटांकडे बघून तो काठावरून गळ टाकणार की होडीतून, हे त्या सांगतात. मला आजवर एकदाही "साहेब" म्हणाल्या नाहीत आणि माझी एकही चूक पोटात घातली नाही. फक्त एक चूक त्यांना माहीत नव्हती, ती कलम सहामध्ये आहे.

कलम २. दुकान

दुकान, त्यातला माल, बर्फाचं यंत्र आणि गांडुळांची पेटी ओझेला यांना द्यावी. नाव बदलायचं असेल तर बदलावं. अट एकच. गळ आणि शिसं विकताना गिऱ्हाइकाला आधी विचारायचं, कुठे टाकणार आहेस, पाणी किती खोल आहे, तळाला गवत आहे की दगड? मग तळाला लागेल एवढंच वजन द्यायचं, गुंजभरही जास्त नाही. बास मासा आमिष तोंडात घेतो तेव्हा त्याला जडपणा कळता कामा नये. आणि गळ द्यायचा तो साध्या पोलादाचा, तपकिरी. चकचकीत मुलाम्याचे गळ महाग असतात आणि गंजत नाहीत. साधा गळ माशाच्या घशात राहिला तरी काही महिन्यांत गंजून विरून जातो, मासा वाचतो. हे मी हजारो लोकांना सांगितलं. हजारो लोकांना सांगूनही नेमक्या गरजेच्या दिवशी मला ते आठवलं नाही, असं मी लोकांना वाटू दिलं.

कलम ३. मेहुणा ड्युई

माझी दिवंगत पत्नी मॉडी हिचा भाऊ ड्युई याला माझी जुनी गळांची पेटी द्यावी, सगळी गंजलेली आहे ती. १९८८ साली उसने नेलेले सहा गळ त्याने ओलेच परत आणून कोरड्या गळांत टाकले आणि अख्खी पेटी खराब केली. वर म्हणाला, पाण्यातच तर वापरायचेत. छत्तीस वर्षं मी ती पेटी जपून ठेवली आहे. ड्युई, आता ती तुझी.

कलम ४. होडी

होडी आणि तिची गाडी विकावी आणि येईल ती रक्कम आमच्या चर्चच्या स्वयंपाकघराला द्यावी. मॉडी गेली तेव्हा तिथल्या बायकांनी अकरा दिवस माझ्या दारात झाकलेली ताटं ठेवली. मक्याची रोटी मी खाल्ली, बाकीचं बरंचसं कुत्र्याने खाल्लं. हे त्यांना सांगू नये.

कलम ५. घर

घर, त्याखालची जमीन आणि मॉडीच्या सगळ्या वस्तू माझा मुलगा टेरेल होलिस क्राउडर, हल्ली राहणार केंटकी राज्य, यास द्याव्यात. त्याला नको असतील तरी त्याच्याच नावाने ठेवाव्यात. कोणी ओरडलं तर पुढचं कलम दाखवावं.

कलम ६. एप्रिल २००५ मध्ये काय झालं

हे कलम लिहायला मला चार दिवस लागले.

मी शिशाची वजनं स्वतः ओततो. माझ्या साच्याला आतून एक ओरखडा आहे, म्हणून माझ्या प्रत्येक वजनावर बारीक उंचवट्याची रेघ उठते. तलावावर कोणीही ती रेघ बघून सांगेल, हे होलिसचं. २००४ च्या शरदात मी पहिल्यांदाच एक औंसाची वजनं ओतली, बरोब्बर बारा. दाट पाणगवत फोडून खाली जायला तेवढं जड लागतं. अकरा टेरेलला दिली. तो तेव्हा लोकांना मासेमारीला घेऊन जायचा, त्यावरच त्याचं पोट होतं आणि त्याच्यासारखा बास शोधणारा माणूस या तलावावर मी तरी पाहिला नाही. बारावं मी ठेवलं आणि त्याच शरदात एक दिवस ते घेऊन एकटाच तलावावर गेलो.

वजनाला मधून आरपार भोक असतं, त्यातून तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, ओवायचा. गवतात ते सुटं ठेवलं तर वजन खाली जातं आणि आमिषाचं रबरी गांडूळ वर गवतात लटकतं. म्हणून भोकात लाकडाची बारीक पाचर ठोकून वजन गळाला चिकटवून ठेवतात. सगळे दात कोरायच्या काडीचा तुकडा वापरतात. त्या दिवशी माझ्याकडे काडी नव्हती. कानामागे दुकानातली पिवळी पेन्सिल होती, तिचा कपचा काढून ठोकला. बुडालेल्या जुन्या रस्त्यापाशी एक मोठा बास लागला, ओढला आणि तंगूस तुटला. वजनाच्या वर दोन तंगूस मी गाठीने जोडले होते, त्या गाठीपाशी तुटला, आणि गळ, वजन सगळं माशाबरोबर गेलं.

आता हे समजून घ्या की मी गाठी शिकवणारा माणूस. दर शनिवारी दुकानाबाहेर पोरासोरांना, म्हाताऱ्यांना गाठ शिकवायचो आणि म्हणायचो, क्राउडरची गाठ सुटली तर सामान फुकट. मी घरी येऊन मॉडीला सांगितलं, आज गेलोच नव्हतो.

पुढच्या एप्रिलमध्ये आमच्या मासेमारी मंडळाची स्पर्धा झाली, ज्याच्या माशांचं वजन जास्त तो पहिला. टेरेल अर्ध्या औंसाने पहिला आला. वजनकाट्यावर बर्ल हॅगूड पंच होता. त्याने सर्वांत मोठ्या माशाचं पोट दाबून पाहिलं, हाताला कठीण लागलं, तिथेच सुरीने उघडलं. आत एक औंसाचं शिसं निघालं, माझी रेघ असलेलं. माशाच्या पोटात शिसं कोंबून वजन वाढवणारे लोक असतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पन्नासएक माणसं उभी होती. बर्लने ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि विचारलं, "होलिस, हे तुझंच. या मापाचं टेरेलखेरीज कोणाकडे आहे?"

मला बारावं आठवलं. आठवलं नाही असं मी एकोणीस वर्षं म्हणत आलो, स्वतःलासुद्धा. पण आठवलं. एवढ्या मोठ्या तलावात तोच मासा कसा असेल, असाही विचार आला. आणि त्याच्या आधी हा विचार आला, की इथे पन्नास माणसांत सांगू, माझी गाठ तुटली म्हणून?

मी म्हणालो, "कोणाकडे नाही."

टेरेल माझ्याजवळ आला. चिडला नव्हता. हळू आवाजात म्हणाला, "डॅडी, तुम्ही तरी नीट बघा. भोक बघा." त्याला वाटलं होतं, बघितलं की मी सांगेन. पोटात कोंबायला कोणी पाचर ठोकलेलं वजन घेत नाही, नवं कोरं घेतं. भोक बुजलेलं होतं, ते मला न बघताच अंगठ्याला लागत होतं. मी ते बर्लच्या हातात परत दिलं. म्हणालो, मला काही बघायचं नाही. लोकांना वाटलं, काय न्यायी बाप आहे. दोघातिघांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मंडळाने टेरेलला काढून टाकलं. लबाडाच्या होडीत कोण बसणार? दोन महिन्यांत त्याचं काम बंद पडलं आणि तो केंटकीला निघून गेला, तिथे ट्रकच्या कारखान्यात लागला. मॉडी दर रविवारी स्वयंपाकघरातून त्याला फोन करायची. मी तेवढा वेळ शेडमध्ये शिसं वितळवत बसायचो. शेवटच्या आठवड्यात तिने मला पलंगाजवळ बोलावलं आणि विचारलं, "होलिस, तुला काही माहीत आहे का, जे तू मला सांगितलं नाहीस?" मी नाही म्हणालो. मरणाऱ्या बायकोला नाही म्हणालो. तिने माझा हात सोडला नाही, त्याचंच मला जास्त वाटतं. दफनाला टेरेल आला होता. खड्ड्याच्या पलीकडे उभा राहिला आणि प्रार्थना संपताच गाडीकडे गेला.

या जानेवारीत मंडळाची खोली रंगवायला काढली. बर्लने एक जुनं पाकीट आणून दिलं, म्हणाला, तुझंच शिसं आहे, वितळवून टाक. त्याने उघडलं नव्हतं. मी उघडलं. भोकात लाकूड होतं, त्याच्याखाली नखाएवढा तंगूस दबलेला होता, आणि लाकडाच्या एका कडेला पिवळा रंग होता. गळ माशाच्या घशात गंजून गेला होता, जसा तो जातो म्हणून मी सांगत आलो.

मी शपथेवर लिहितो की टेरेल क्राउडर याने कोणतीही लबाडी केली नाही. तो मासा त्याने सरळ पकडला होता. त्या माशात सापडलेलं शिसं माझ्या तंगुसाचं होतं आणि मला तसा संशय त्याच क्षणी आला होता. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी, काट्यापाशी, सगळे जमलेले असताना, बर्ल हॅगूडने हे कलम पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचावं. गाठीबद्दलचा भाग गाळू नये.

कलम ७. साचे आणि पळी

शिशाचे सगळे साचे, पळी आणि भांडं भंगारात द्यावं. कोणाला वापरायला देऊ नये. शेडमधली माती मुलांना खेळू देऊ नये.

कलम ८. टेरेलला कसं कळवायचं

ओझेलाबाईंनी त्याला फोन करू नये. सहा तासांचा रस्ता आहे, गाडीने जावं, हे कागद त्याच्या हातात द्यावेत आणि तो वाचून होईपर्यंत तिथे बसावं. माझ्या दफनाला यायचं की नाही हे त्याने वाचल्यानंतर ठरवावं. नाही आला तर कोणी त्याला नावं ठेवायची नाहीत. तो येईल म्हणून दफन थांबवायचंही नाही.

आज सही करायला बर्ल आला, त्याने कलम सहा वाचलं, चष्मा काढला आणि स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. मग म्हणाला, "मरायची वाट कशाला बघतोस? तो जिवंत आहे, तू जिवंत आहेस. हा घे फोन."

मी त्याला खरं ते सांगितलं. गेल्या महिन्यात मी फोन केला होता. मॉडीच्या वहीत नंबर होता. टेरेलने उचलला. मी काही बोललो नाही, बोलता आलं नाही. तो दोनदा हॅलो म्हणाला. मग थांबला. मला वाटलं, आता ठेवेल. त्याने ठेवला नाही. म्हणाला, "डॅडी?" आणि थोड्या वेळाने, "डॅडी, बोला ना."

मी फोन ठेवला.

बर्लने फोन खिशात ठेवला. माझ्यात तेवढं बळ नाही, एवढंच खरं आहे, आणि म्हणून मी हे लिहून ठेवत आहे.

टेरेल, मी भोक बघितलं. तू म्हणालास तसंच होतं. खोटं मी बोललो.

वरील मजकूर मी पूर्ण शुद्धीवर असताना लिहिला, स्वतः वाचला आणि खालील दोघांच्या देखत त्याखाली सही केली.

(सही) होलिस वेंडेल क्राउडर

साक्षीदार :
१. (सही) बर्ल हॅगूड, राहणार पेनी बेंड
२. (सही) नॅडीन स्टोव्हल, परिचारिका, राहणार पेनी बेंड

स्थळ : पेनी बेंड, अलाबामा
दिनांक : २१ फेब्रुवारी २०२४